कणगीला जागा हवी

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)



मी पोशीरचा. नेरळहून कळंबकडे जाताना वाटेत लागणारं हे गाव. आमचा कर्जत तालुका म्हणजे भाताचा मुलूख. आज मात्र मला बोलायचंय ते भाताबद्दल नाही, चरबीबद्दल. कविता लिहिणाऱ्या माणसाने हा विषय का घ्यावा, असं तुम्हाला वाटेल. मलाही तीन वर्षांपूर्वी तसंच वाटलं असतं.

तीन वर्षांपूर्वी लावणीच्या दिवसांत आमच्या शेजारचे काका चिखलात उतरले आणि तळपायात बांबूचं सालपट घुसलं. काकांनी ते उपटून फेकलं, घरी आल्यावर हळद दाबली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शेतात गेले. गणपती आले, गेले, जखम भरेना. बोटं काळी पडू लागली तेव्हा हॉस्पिटलात नेलं. रक्तातली साखर तीनशेच्या वर निघाली. पायाची दोन बोटं काढावी लागली.

काकांचं वजन जेमतेम पन्नास किलो. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारत होता, "एवढ्या वाळक्या माणसाला शुगर कुठून आली?" विचारणाऱ्यांत मीही होतो. तिथले डॉक्टर म्हणाले, "ही साखर आजची दिसत नाही, काही वर्षांची असावी. तपासली नव्हती इतकंच." का तपासली नव्हती? तर माणूस बारीक होता, म्हणून.

त्या रात्री घरी येऊन मी आरशासमोर उभा राहिलो. उंची पाच फूट चार इंच, वजन अठ्ठावन्न किलो. लोक मला काटकुळाच म्हणतात. लग्नात शिवलेली शेरवानी अजून खांद्यात नीट बसते. पोटावरची बटणं मात्र लागत नाहीत. पुढच्या आठवड्यात मी रक्त तपासून घेतलं. उपाशीपोटी साखर १३८. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी जी चाचणी असते, तिचा आकडा ७.४. म्हणजे मधुमेह. तरुण डॉक्टर होते. त्यांनी खणातून शिंप्याची असते तशी टेप काढली आणि माझ्या पोटाचा घेर मोजला. ९४ सेंटीमीटर. म्हणाले, "सर, वजनाच्या काट्याने तुम्हाला फसवलं. आपल्याकडच्या पुरुषाचा घेर नव्वदच्या आत हवा, बाईचा ऐंशीच्या आत."

मी विचारलं, "डॉक्टर, अंगावर चरबी नसलेल्या माणसाला चरबीचा आजार कसा होतो?" ते म्हणाले, "चरबी किती आहे एवढंच विचारू नका. ती ठेवायला जागा किती आहे, ते विचारा." तेव्हापासून मी या विषयावर जमेल तसं वाचतोय, समजलं नाही ते डॉक्टरांना विचारतोय. त्यातलं जे मला उमजलं, ते आज तुम्हाला सांगतो.

आपल्या शरीरात चरबी साठवायला खास पेशी असतात. मेदपेशी म्हणतात त्यांना. इतर पेशींपेक्षा ही वेगळी. हिच्या पोटात तेलाचा एकच मोठा थेंब असतो आणि बाकीचं सगळं सामान कडेला सरकलेलं असतं. जेवल्यावर उरलेली शक्ती ती तेलाच्या रूपात ठेवून घेते आणि उपाशी असताना थोडी थोडी काढून देते. रोज्याच्या दिवशी दुपारनंतर आपण चालतो-बोलतो ते बरंचसं याच साठ्यावर. त्यामुळे चरबी म्हणजे शत्रू, असं समजू नका. ती घरातली कणगी आहे.

कणगी म्हटलं की मला माझी दादी आठवते. आमच्या घरी बांबूच्या कामट्यांच्या, शेणाने सारवलेल्या दोन कणग्या होत्या. एका वर्षी पीक भरघोस आलं आणि वडिलांनी सगळं भात त्या दोन कणग्यांतच दाबून भरायला लावलं. महिन्याभरात कामट्या फाकल्या. भेगांतून भात गळायला लागलं. सांडलेल्या दाण्यांवर उंदीर आले, उंदरांमागे मांजर आलं आणि रात्रभर घरात धुमाकूळ. मधल्या भाताला हवा लागेना. ते तापलं, त्याला कुबट वास सुटला. जे मावलं नाही ते गोण्यांत भरून चुलीशेजारी ठेवलं, खाटेखाली ठेवलं. स्वयंपाकाला जागा उरली नाही आणि झोपायलाही नाही. दादी वडिलांना म्हणाली, "कणगी फुगवून काय होतं? एक जास्तीची विणायची होती."

श्रोतेहो, मेदपेशींचं नेमकं हेच होतं. साठा वाढला की शरीरापुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे नव्या, लहान पेशी तयार करायच्या. दुसरी म्हणजे आहेत त्याच पेशी फुगवायच्या. सारखीच चरबी असलेल्या दोन माणसांत एकाकडे पुष्कळ लहान पेशी असतील, तर दुसऱ्याकडे थोड्याच, पण तट्ट फुगलेल्या. दोघांचं वजन तेच. धोका मात्र दुसऱ्याला जास्त.

आता ही पेशी फुगल्याने रक्तातली साखर का वाढावी? त्यासाठी आधी इन्शुलिनचं काम पाहू. पोटात स्वादुपिंड नावाची ग्रंथी आहे, ती इन्शुलिन सोडते. इन्शुलिन स्नायूंच्या पेशींना सांगतं, दार उघडा आणि साखर आत घ्या. यकृताला, म्हणजे लिव्हरला सांगतं, आता नवी साखर बनवू नका. आणि मेदपेशीला सांगतं, साठा बाहेर सोडू नका. एकच निरोप्या, तीन घरी तीन निरोप.

पूर्वी समज असा होता की मधुमेह म्हणजे इन्शुलिन कमी पडणं, संपलं. १९३६ साली हॅरॉल्ड हिम्सवर्थ या इंग्रज डॉक्टरांनी दाखवलं की काही रोग्यांना इन्शुलिन टोचलं तरी त्यांचं शरीर त्याला फारशी दाद देत नाही. पुढे १९६० साली अमेरिकेत रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातलं इन्शुलिन मोजण्याची पद्धत आणली. तेव्हा कळलं की मोठ्या वयात मधुमेह झालेल्या पुष्कळ लोकांच्या रक्तात इन्शुलिन भरपूर असतं. निरोप्या दारोदार फिरतोय, पण कुणी ऐकत नाही. डॉक्टर लोक याला इन्शुलिन रेझिस्टन्स म्हणतात. आपण म्हणू, शरीराने इन्शुलिनला दाद न देणं.

ऐकायचं आधी कोणी सोडलं? १९६८ साली न्यूयॉर्कमध्ये सॅलन्स, निटल आणि हिर्श या तिघांनी लठ्ठ माणसांच्या कातडीखालची चरबी काढून तिच्यातल्या पेशी मोजल्या. त्यांना दिसलं की पेशी जितकी मोठी, तितकी ती इन्शुलिनला कमी दाद देते. त्याच माणसांनी वजन उतरवल्यावर पेशींची संख्या तेवढीच राहिली, पण पेशी लहान झाल्या आणि पुन्हा इन्शुलिनचं ऐकू लागल्या. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

फुगलेल्या पेशीत काय बिघडतं, ते आता एकेक करून पाहू.

पहिलं म्हणजे गळती. साठा बाहेर सोडू नका, हा इन्शुलिनचा निरोप तिला नीट पोचत नाही. मग चरबीचे घटक, फॅटी ॲसिड, गरज नसतानाही रक्तात झिरपत राहतात. हे आपल्या कणगीच्या भेगांतून सांडलेलं भात.

दुसरं म्हणजे हवेचा तुटवडा. रक्तवाहिनीतून प्राणवायू झिरपतो तो थोड्याच अंतरापर्यंत. मेदपेशी फुगत फुगत डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षाही मोठी होऊ शकते. साठा वाढतो त्या वेगाने नव्या रक्तवाहिन्या तयार झाल्या नाहीत, तर पेशी गुदमरते. काही मरतातही.

तिसरं म्हणजे धुमाकूळ. गुदमरलेली पेशी मदतीसाठी रासायनिक हाका मारते. रक्तातल्या संरक्षक पेशी धावत येतात आणि चरबीतच ठाण मांडतात. २००३ साली अमेरिकेतल्या दोन वेगवेगळ्या गटांनी हे दाखवलं. त्याआधी १९९३ साली गोखान होतामिश्लिगिल आणि ब्रूस स्पीगलमन यांनी दाखवलं होतं की लठ्ठ उंदरांच्या चरबीतून टीएनएफ नावाचं दाहकारक द्रव्य बाहेर पडतं आणि ते इन्शुलिनच्या कामात मोडता घालतं. त्याच वेळी, इन्शुलिनला मदत करणारं ॲडिपोनेक्टिन नावाचं एक चांगलं द्रव्य मेदपेशी एरवी रक्तात सोडत असते, तेही फुगलेल्या पेशीकडून कमी मिळू लागतं.

आणि चौथं म्हणजे आमच्या घरातल्या त्या गोण्या. कणगीत न मावलेली चरबी जाऊन बसते यकृतात, स्नायूंत, स्वादुपिंडातही. या जागा साठवणीच्या नव्हेतच. स्नायूत चरबी साचली की साखरेचं दार नीट उघडत नाही. यकृतात साचली की साखर बनवणं थांबवा हा निरोप ते ऐकत नाही आणि रात्रभर साखर बनवत बसतं. म्हणून तर काही न खाता सकाळी उठलो तरी रक्तात साखर जास्त. स्वादुपिंड बिचारं जास्त जास्त इन्शुलिन सोडत राहतं. काही वर्षं निभावतं, मग थकतं. ते थकलं की आपल्या हातात १३८चा कागद येतो. म्हणजे कागद येण्याच्या कितीतरी आधी आजार सुरू झालेला असतो.

कुणी म्हणेल, मग चरबीच नसेल तर बरं! तसंही नाही. एक दुर्मीळ आजार असतो. त्यात जन्मतःच अंगावर मेदपेशी जवळजवळ नसतात. अशी मुलं दिसायला अगदी पिळदार, पण त्यांच्या यकृतात चरबी ठासून भरते आणि त्यांना लहान वयातच अवघड मधुमेह होतो. कणगीच नाही, मग भात सगळं चुलीपाशी. याच्या उलटही पुरावा आहे. मधुमेहावरच्या गोळ्यांचा एक प्रकार नव्या, लहान मेदपेशी तयार करवतो. त्या घेणाऱ्याचं वजन थोडं वाढतं आणि तरी साखर उतरते. माझ्या दादीची जास्तीची कणगी ती हीच. अर्थात या गोळ्यांचे स्वतःचे धोके आहेत, तो निर्णय डॉक्टरांचा.

आता काकांकडे आणि माझ्याकडे येऊ. आम्ही बारीक माणसं यात कुठे सापडलो?

याचं उत्तर शोधण्याचं मोठं काम आपल्या महाराष्ट्रातच झालंय. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. बाळं जन्मल्याबरोबर त्यांची मोजमापं घेतली आणि ती इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. पुण्याकडच्या बाळाचं सरासरी वजन २.७ किलो, तिकडच्या बाळाचं ३.५ किलो. आपलं बाळ सगळ्याच बाबतीत लहान असणार, असं वाटेल. पण तसं नव्हतं. स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली होती. वरून हडकुळं, आतून गुबगुबीत. २००३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा या बाळाला इंग्रजीत नाव मिळालं 'थिन-फॅट बेबी'.

पुढच्याच वर्षी, २००४ साली, 'लॅन्सेट' या साप्ताहिकात एक फोटो छापून आला. डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन शेजारी शेजारी उभे. उंची आणि वजन यांचा जो हिशेब मांडतात, बीएमआय, तो दोघांचाही २२.३. काट्याच्या दृष्टीने दोघं सारखे. पण अंगातली चरबी मोजली तर यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! तो आकडा वाचला आणि मला माझी शेरवानी आठवली.

२००७ साली अमेरिकेतल्या डलासमध्ये डॉ. मनीषा चंडालिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय उपखंडातून आलेल्या पुरुषांच्या पोटावरच्या मेदपेशी गोऱ्या पुरुषांच्या पेशींशी ताडून पाहिल्या. आपल्या लोकांच्या पेशी सुमारे दुप्पट मोठ्या निघाल्या. कॅनडातल्या एका अभ्यासानेही २०११ साली साधारण हीच दिशा दाखवली. मोजलेली माणसं फार नव्हती, हे खरं. आपल्या लोकांचं स्वादुपिंडही मुळात कमी ताकदीचं असावं, असं काही तज्ज्ञ सांगतात. घराण्यातून येणारे गुण असतातच. म्हणजे मेदपेशी हे एकच कारण नाही. पण आपल्याला कणग्या अपुऱ्या मिळाल्या आहेत आणि त्या लवकर भरतात, हे मात्र दिसतं. गोऱ्या माणसाला नव्वद किलोला जे होईल, ते आपल्याला साठ किलोलाही होऊ शकतं.

आणि आपण त्या भरतोयही जोरात. माझ्या लहानपणी पोशीरहून नेरळ स्टेशनला चालत जाणारे लोक होते. लावणी, कापणी, झोडणी सगळी अंगमेहनतीची. घरात नाचणी असायची, वरी असायची. आता दारात रिक्षा येते, जमिनी विकून त्या जागी फार्महाऊस उभी राहिलीत. माणूस दिवसभर कुणाच्या तरी फाटकाशी खुर्ची टाकून बसतो आणि चार वेळा गोड चहा पितो. ताटातला भात तेवढाच राहिला, घाम मात्र गेला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेह असलेल्यांचा आकडा १० कोटी १० लाख असा मांडला होता. तो फक्त शहरातल्या, सुखवस्तू, लठ्ठ माणसांचा आकडा नाही.

पण श्रोतेहो, तुम्हाला घाबरवायला मी इथे बसलेलो नाही. मघाशी एक वाक्य लक्षात ठेवायला सांगितलं होतं. वजन उतरल्यावर पेशींची संख्या तेवढीच राहते, पण आकार लहान होतो आणि त्या पुन्हा ऐकू लागतात. २००८ साली स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या कर्स्टी स्पाल्डिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मोठ्या माणसात मेदपेशींची संख्या साधारण ठरलेली असते. दर वर्षी दहा टक्क्यांच्या आसपास जुन्या जातात आणि तेवढ्याच नव्या येतात. संख्या आपल्या हातात नाही. आकार बऱ्याच अंशी आहे.

ब्रिटनमध्ये प्रा. रॉय टेलर आणि प्रा. माइक लीन यांनी मधुमेह झालेल्या वजनदार लोकांचा आहार काही महिने काटेकोरपणे कमी केला. २०१७ साली निष्कर्ष आले. वर्षभरानंतर शंभरातल्या ४६ जणांची साखर औषधाशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होती. मग टेलर यांनी हाच प्रयोग वीस फारसे जाड नसलेल्या रोग्यांवर केला. २०२३ साली तो प्रसिद्ध झाला. वीसपैकी चौदा जणांना तसाच गुण आला. टेलर म्हणतात त्याचा मथितार्थ असा की प्रत्येकाची चरबी पेलण्याची मर्यादा वेगळी असते. तुमची मर्यादा तुमच्या शेजाऱ्याच्या पोटावरून ठरत नाही.

मी काय केलं, तेही सांगतो. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, ती घेतो. चहातली साखर सोडली. रात्रीचा भात निम्मा केला, त्या जागी डाळ आणि भाजी वाढवली. रोज पहाटे नदीच्या बाजूला पाऊण तास चालतो. चालताना स्नायू इन्शुलिनची वाट न पाहता साखर आत घेतात, हे कळल्यापासून चालण्याचा कंटाळा गेला. वर्षात पाच किलो वजन उतरलं, घेर ८८वर आला, ७.४चा आकडा ६.३ झाला. पहिल्या रमजानच्या आधी डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ बदलून घेतली. आपल्या मनाने गोळी बंद करू नका आणि उपासही आपल्या मनाने ठरवू नका. आणखी एक. काही न करता वजन झपाट्याने उतरत असेल, तहान लागत असेल, वारंवार लघवीला जावं लागत असेल, तर त्याचा आनंद मानू नका. ते वेगळं लक्षण असू शकतं. लगेच तपासून घ्या.

आणि घरात एक टेप ठेवा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, पोट आत न ओढता, सहज श्वास सोडून मोजा. पुरुष नव्वद, बाई ऐंशी. त्याच्या वर गेलात, तर काटा काहीही सांगो, रक्त तपासा.

काका आता पायात बूट घातल्याशिवाय शेतात उतरत नाहीत. या लावणीला मी त्यांना म्हटलं, "काका, टेप आणलीय, पोट मोजू का?" हसले. म्हणाले, "माझं राहू दे रे, माझं तर कळलं. या पोराचं मोज." त्यांचा मुलगा शेजारी उभा होता. तीस वर्षांचा, अंगाने काटकुळा. त्याच्या शर्टाखाली पोट जरासं पुढे आलेलं. मी टेप गुंडाळली. ९३ भरली. तो म्हणाला, "पण चाचा, माझं वजन तर कमीच आहे."

दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन रक्त तपासायला गेलो. साखर अजून मधुमेहापर्यंत पोचलेली नाही, वाटेवर आहे. त्याच्या हातात अजून वेळ आहे. काकांच्या हातात तो नव्हता, कारण बारीक माणसाला शुगर होत नाही असं आम्ही सगळे समजून बसलो होतो.

तुमच्याही घरात असा एखादा काटकुळा असेल. आज त्याचं पोट मोजा.